हळदीच्या गावात हळदीवर संशोधन कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) विभागात कशाकशावर काम चालतं ते मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणालात, "सांगलीत बसून हळदीवर संशोधन म्हणजे पैशाचा चुराडा. आजीला ठाऊक होतं तेच उंदरांना पाजून काय सिद्ध करता?" तुम्ही स्वतः हळद पिकवता, म्हणून सविस्तर लिहितो.

आजीचं ज्ञान खरंच होतं. तरीही 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलंच. सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेने ते 1997 मध्ये रद्द करून घेतलं, तेही छापील पुरावे मांडून. त्यांत 1953 चा एक भारतीय शोधनिबंधही होता. नुसत्या आजीच्या शब्दावर तिथे कुणी ऐकलं नसतं.

आता मूळ मुद्दा. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक. तो शुद्ध स्वरूपात परीक्षानळीत पाण्यात टाकून कितीही हलवा, पिवळी भुकटी तशीच राहते. स्पिरिट घातलं की विरघळू लागते. पोटातही हीच अडचण, आणि जे थोडंफार शोषलं जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. सोबत मिरीतलं पिपरिन 20 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा प्रमाण सुमारे 20 पट झालं.

माझी काळजी इथे सुरू होते. चमचाभर हळदीत कर्क्युमिन साधारण 100 मिलिग्रॅम. मेडिकलमधल्या कॅप्सूलमध्ये बरेचदा 500, वर पिपरिन. एवढं झालं की ते औषधच! अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत आहेत. पिपरिनमुळे फिट्सवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. या औषधाचं प्रमाण जरा चढलं तरी माणसाचा तोल जातो, डोळे भिरभिरतात. असे धोके आधी उंदरांत तपासायचे नाहीत, तर थेट तुमच्या-माझ्या घरच्या माणसांवर तपासायचे का?

विभागाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम मात्र उंदरांशिवायच चालतं: दुष्परिणामांची नोंद. 2010 पासून ही योजना देशभर आहे. तुमच्या भावकीत कुणी अशी कॅप्सूल घेत असेल आणि डोळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, तर कॅप्सूल थांबवा, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 1800-180-3024 या टोल फ्री क्रमांकावर कळवा.