टिनमधली तारली, आमचा मंगळवार आणि तुमचा राग

नमस्कार ताई,

"सोलापुरात राहून टिनमधला मासा? उजनी धरण काय आटलं का?" या तुमच्या पहिल्याच वाक्याला मी मोठ्याने हसले. पुढचं वाचून गप्प झाले, आणि उत्तराला चार दिवस घेतले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. जेवताना नाटकं करणाऱ्या मुलांना टिनमधले मासे कसे द्यायचे, यावर मी दोन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. 'मालवणची लेक' या नावाने लिहिणाऱ्या ताईंचं म्हणणं असं, की ताजा मासा मिळत असताना टिन फोडणं हा निव्वळ आळस. टिनमध्ये प्रिझर्वेटिव्ह असतात, पारा असतो. पराठ्यात मासा लपवून पोराला खाऊ घालणं ही फसवणूक. आणि अशा पोराला एक दिवस उपाशी ठेवलं की सुतासारखं सरळ येतं.

फसवणुकीचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. कुस्करलेला ट्यूना बटाट्याच्या सारणात मिसळायचा आणि "सोयाबीन आहे" म्हणून वाढायचा, ही युक्ती मी लेखात मोठ्या ऐटीत सांगितली होती. ती तीन वेळा खपली. चौथ्या वेळी माझा धाकटा मुलगा पेन्सिलला टोक करून साल टाकायला कचऱ्याच्या बादलीपाशी गेला आणि माशाचं चित्र असलेला रिकामा टिन हातात घेऊन बाहेर आला. रडला नाही, ओरडला नाही. "हे सोयाबीन आहे का बे?" इतकंच विचारलं. (आईला 'बे' म्हणायचं नसतं, हे सोलापुरात पोरांना मुद्दाम शिकवावं लागतं. त्या दिवशी मी काही शिकवायच्या अवस्थेत नव्हते.) पुढचे तीन आठवडे त्याने साध्या बटाट्याच्या पराठ्यालाही हात लावला नाही. मासा तर गेलाच, हक्काचा पराठाही गेला. लेखातला तो परिच्छेद मी आज काढून टाकलाय.

आता उजनी. आमच्याकडेही रविवारी तिथला मासा येतो, आणि चवीला ताजा तो ताजाच. टिनने त्याची बरोबरी होते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण रोहू-कटल्याच्या मांसात बेचकीच्या आकाराचे बारीक काटे असतात, ते तुम्हाला ठाऊकच असतील. तसला एक काटा गेल्या वर्षी धाकट्याच्या घशात अडकला. भाताचे गोळे झाले, केळं झालं, शेवटी डॉक्टरांनी चिमट्याने काढला. तेव्हापासून मासा म्हटलं की तो आधी जिभेने टाळू चाचपतो. याला मी नाटक म्हणत नाही. तुम्ही समुद्राकाठी वाढलात, जिभेवरच काटा वेगळा करायला तुम्ही शाळेत जायच्या आधी शिकला असाल. आमच्यापासून रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटर, ही विद्या आमच्या घरात कुणालाच नाही. चिलापीत (म्हणजे तिलापियात) ते आतले बारीक काटे नसतात, पण तिचा मातकट वास त्याला चालत नाही. झालं, संपली उजनी.

टिनमधल्या तारलीचा (सार्डिनचा) मणका अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबून पाहा. खडूसारखा भुगा होतो. मी तेच केलं, त्याच्यासमोर, आणि मग त्याच्याकडूनही करून घेतलं. पहिल्या दिवशी त्याने खाल्लं काहीच नाही, फक्त सगळे मणके शोधून शोधून चुरले. मी म्हटलं, चुर बाबा. तो भुगा फेकायचा मात्र नाही. हाडांसकट १०० ग्रॅम तारलीतून सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच दुधात साधारण १२० असतं, आणि आमच्याकडे दुधाचीही बोंबच आहे.

हाड इतकं मऊ होतं त्याचं कारण आणि प्रिझर्वेटिव्ह लागत नाही त्याचं कारण एकच. मासा टिनमध्ये भरून टिन आधी हवाबंद करतात आणि मग टिनसकट दाबाखाली ११५ ते १२१ अंशांपर्यंत तापवतात. आपला शिटीचा कुकरही साधारण १२० अंशांच्या आसपासच जातो. आतले जंतू मेले, बाहेरचे आत येऊ शकत नाहीत, मग औषध कशाला घालायचं? मासा, तेल किंवा पाणी, मीठ, एवढंच बहुतेक टिनवर लिहिलेलं असतं. वाचून घ्या, सॉसमधल्या माशात साखरबिखर असते. टिन फुगलेला असेल किंवा जोडावर चेपलेला असेल तर चव बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्यायचा. (जाता जाता: टिनच्या डब्याचं पेटंट १८१० चं, पण तो उघडायचं हत्यार निघालं १८५० नंतर. तोवर लोक छिन्नी-हातोडी वापरायचे. आमच्या सासऱ्यांना ही गोष्ट फार आवडते, कारण रिंग तुटली की तेही तेच करतात.)

पाऱ्याबद्दल लेखात मी फारच उडत लिहिलं होतं, ते दुरुस्त करते. मोठा, जास्त जगणारा मासा लहान मासे खात जातो, तसा त्याच्या अंगात पारा साठत जातो. म्हणून तारलीत तो कमी, ट्यूनात त्याहून जास्त, आणि ट्यूनातही जातीजातीत फरक. अल्बाकोरमध्ये स्किपजॅकपेक्षा जास्त असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा, की ४ ते ७ वर्षांच्या मुलाला कमी पाऱ्याचा मासा एका वेळी २ औंस, म्हणजे ५५-६० ग्रॅम, आणि असं आठवड्यातून दोनदा. आमचा गडी ५५ ग्रॅम कधी खाईल तेव्हा खाईल. पण तुम्ही टोकलंत म्हणून घरात आता तारली जास्त आणि ट्यूना कमी येतो.

आळसाचं म्हणाल तर टिन उघडणं सोपं आहे, संपवणं नाही. १८५ ग्रॅमचा ट्यूनाचा टिन निथळला की १२०-१३० ग्रॅम मासा उरतो. त्यातला एक चमचा ज्याच्यासाठी उघडला तो खाणार. बाकीचा? उघडलेला मासा टिनमध्ये ठेवायचा नाही, झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढून लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत खलास. आता आमच्या घरचा आठवडा बघा. सोमवार सिद्धेश्वराचा, सासूबाईंचा उपवास. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा. शनिवार मारुतीचा. रविवारी रात्री टिन उघडला तर सोमवार आडवा येतो, बुधवारी उघडला तर गुरुवार. म्हणून आमच्याकडे टिन मंगळवारीच उघडतो आणि बुधवारी रात्रीपर्यंत संपतो. लेख वाचून कुणी रविवारी उघडून बसलं असेल तर माफ करा, हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

मंगळवारी रात्री मोठ्यांचं सुकं. कांदा तेलात लाल होईपर्यंत परतायचा, लसूण, काळं तिखट, चिंचेचा कोळ, मूठभर शेंगदाण्याचा कूट, आणि मासा अगदी शेवटी. तो आधीच शिजलेला असतो, दोन मिनिटं गरम झाला की बास. जास्त परतला की कोरडा होतो आणि सगळ्या घरात वास सुटतो. मग शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. मीठ घालायचं नाही, माशात आहे तेवढं पुरतं. मासा मिठाच्या पाण्यातला असेल तर एकदा धुऊन घ्यायचा. सासऱ्यांना कवळी आहे, त्यामुळे त्यांना हे सुकं भाकरी कुस्करून त्यात लागतं. खाण्यातली नाटकं फक्त लहान पोरं करतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे जेवायला यावं.

बुधवारी उरलेला मासा ज्वारी-बेसनाच्या पिठात भरपूर कांदा-कोथिंबीर घालून धपाट्यात जातो. या वेळी सगळ्यांना सांगून. शाळेच्या डब्यात मात्र कधीच देत नाही. आमच्या उन्हात दुपारपर्यंत बंद डब्यात मासा ठेवायची माझी हिंमत नाही.

आणि धाकट्यासाठी कडक भाकरी. पापडासारखी वाजणारी, ती त्याला कशाबरोबरही चालते. तिचा तुकडा, त्यावर शेंगा चटणी, त्यावर नखाएवढी तारली, वर लिंबू. लिंबाने वास बसतो, चटणीने रंग झाकतो, आणि भाकरी कुडुम वाजली की मऊ काय लागलं याकडे लक्ष जात नाही. खाली काय आहे ते त्याला माहीत असतं, कारण तारली तोच ठेवतो. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, म्हणतात. पंधरा वेळा नखाएवढा मासा समोर ठेवण्यासाठी मी दर वेळी अर्धा किलो कटला कुठून साफ करत बसू?

राहिलं उपाशी ठेवणं. तेही करून झालंय. रात्री साडेदहाला आजोबांच्या खोलीत पांघरुणाखाली दोघं शेंगापोळी खाताना सापडले. उपाशी मीच झोपले होते, रागाने.

पैशाचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, टिनच्या किमतीत उजनीचा मासा कितीतरी जास्त येतो. म्हणून महिन्याला दोनच टिन.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालतात, ती टिनमधल्या बांगड्याला चालतील का, की तो आधीच शिजलेला असल्याने स्वाद लागणार नाही? रागावला नसाल तर कळवा. इथल्या दुकानात मागितली तर मला त्रिफळा चूर्ण काढून दिलं.

काल मंगळवार होता. धाकट्याने तीन तुकडे खाल्ले. चौथ्यातली चटणी चाटून तारली मांजराला दिली, पण माझ्यासमोर.