‘फुकटच्या सॉफ्टवेअर’वाल्या मेसेजला एका ग्रंथपालाचं उत्तर

प्राध्यापक आणि ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. म्हणणं असं: ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं कोहा, प्रबंध-शोधनिबंध साठवून खुले ठेवणारं डीस्पेस यांसारखी मुक्तस्रोत (म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता-वापरता येतो अशी) सॉफ्टवेअर म्हणजे गरीब कॉलेजांची तडजोड, त्यांना कुणी वाली नाही, कोड उघडा, म्हणून ती असुरक्षित, आणि खरं संशोधन विकतच्या सॉफ्टवेअरवरच होतं. देवघेव काउंटरवर वर्षं काढलेल्या मला यातलं एकही विधान पटत नाही.

‘गरिबांची तडजोड’ हे आधी घेऊ. डीस्पेस २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने एचपी कंपनीसोबत तयार केलं. एमआयटीला पैशांची चणचण नव्हती. आपली शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, याच डीस्पेसवर चालते. आपला विषय आधी कुणी हाताळला आहे का, हे पीएच.डी.ला नाव नोंदवताना आपण तिथेच पाहतो. मात्र परवाना फुकट म्हणजे सगळं फुकट, असं मीही म्हणणार नाही. सर्व्हर, रोजचा बॅकअप, शिकलेला माणूस याला पैसे लागतात. ते बजेटमध्ये न धरता कोहा बसवलं की वर्षभरात सगळे वैतागतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं.

‘वाली नाही’ हा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. कोहाचा जन्मच एका ग्रंथालयाच्या अडचणीतून झाला. न्यूझीलंडमधल्या लेव्हिन या छोट्या गावातल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर बंद पडण्याची भीती होती. त्यांनी कातिपो या स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि कोड जगाला देऊन टाकला. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. पुढे एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये याच नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. २०११ मध्ये ट्रस्टने मदतीची हाक दिली, जगभरातून वर्गण्या आल्या आणि नाव अखेर ट्रस्टकडेच राहिलं. वाली म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

उलट बाजूचा अनुभवही सांगतो. आमच्या जुन्या, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा विक्रेता एके वर्षी फोन उचलेनासा झाला. डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याकडेच होता. खटपटी करून नोंदी बाहेर काढल्या. इंग्रजी पुस्तकं नीट आली. मराठी शीर्षकं मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, नव्हतीच, एका जुन्या फॉण्टच्या खुणांमध्ये भरलेली होती. पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिखल. दाखल रजिस्टर समोर ठेवून एकेक नाव आम्ही पुन्हा टाइप केलं. कोहात नोंद युनिकोडमध्ये, मार्क २१ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय नोंद-साच्यात बसते. उद्या कोहा सोडायचं ठरवलं, तरी त्याच साच्यात सगळा संग्रह बाहेर काढता येतो. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेताना किमतीच्या आधी मी एकच विचारतो: माझ्या नोंदी मला कुणाच्या परवानगीशिवाय परत मिळतील का?

सुरक्षिततेचं थोडक्यात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या असंख्य सॉफ्टवेअरांत वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत घटकात गंभीर भोक सापडलं, हे खरं आहे. पण ते सर्वांसमोर उघड झालं आणि दुरुस्तीही काही दिवसांत सर्वांना मिळाली. कोड झाकलेला असला म्हणून भोकं नसतात असं नाही. जुनी आवृत्ती तशीच ठेवणारं ग्रंथालय दोन्हीकडे सारखंच उघड्यावर असतं.

उरलं संशोधन. आर ही संख्याशास्त्राची भाषा ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. आज जगभरच्या शोधनिबंधांत ती दिसते. २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र आपण पाहिलं. ते घडवताना वापरलेल्या ईएचटी-इमेजिंग या, पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रणालीचा कोड आजही कुणालाही उतरवून घेता येतो. काही उपकरणांना त्यांच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, तिथे इलाज नाही. पण विकतच्या सॉफ्टवेअरवर, विद्यापीठाच्या परवान्यावर विश्लेषण केलेला विद्यार्थी पदवी घेऊन गावी जातो, सहा महिन्यांनी त्याच्या शोधनिबंधाचे परीक्षक एक तक्ता पुन्हा करायला सांगतात, आणि परवाना संपलेला असल्याने त्याची स्वतःचीच फाइल उघडत नाही. तेच काम आरमध्ये केलेलं असेल तर घरच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट पुन्हा चालवून तो संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवू शकतो.