कॅमेरा ऑन आहे, पण काम चालू आहे का?

टीमवर भरोसा नाही हे तोंडावर सांगता येत नाही, मग 'टीम बॉन्डिंग'च्या नावाखाली मेल येतो की सोमवारपासून सगळ्या कॉल्सना कॅमेरा कंपल्सरी. हल्ली ओळखीतल्या बऱ्याच जणांकडून हे ऐकतोय. मी स्वतः मॅनेजर आहे, टीम पुणे, सांगली, नांदेड, जळगाव अशी पसरलेली, लॉकडाऊनपासून सगळे घरूनच काम करतात, त्यामुळे हे कुणा वैतागलेल्या एम्प्लॉयीचं रडगाणं आहे असं समजू नका. मॅनेजर म्हणूनच सांगतोय, कॅमेऱ्यात माणूस दिसतो, त्याचं काम दिसत नाही.

आणि ज्याला पाट्याच टाकायच्यात तो कॅमेरा ऑन ठेवूनही निवांत टाकतो हो. ऑफिसात काय वेगळं होतं? एक्सेल उघडं, चेहरा असा गंभीर की जणू कंपनीचा ताळेबंद हाच जुळवतोय, आणि मागच्या टॅबमध्ये मॅचचा स्कोअर. आता तेच घरून. टीम्स या ऑफिसच्या चॅट-कॉल ॲपवरचा 'कामावर आहे' सांगणारा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून माऊस आपोआप हलवणारी यंत्रं ऑनलाइन विकत मिळतात, आणि तेवढाही खर्च करायचा नसेल तर काट्यांचं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवायचं, त्याच्या काचेवर माऊस, खाली सेकंदकाटा फिरत राहतो, वर कर्सर थरथरत राहतो, साहेब खूश. जुगाड म्हणून दाद द्यायलाच हवी. २०२४ मध्ये अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेनं असा कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केला म्हणून डझनभराहून जास्त लोकांना काढलं. काढलं ते बरोबरच, फसवणूक ती फसवणूकच. पण मला कुतूहल वेगळंच आहे, त्या लोकांच्या मॅनेजरला कामावरून काहीच कळत नव्हतं का? माऊस हलतोय की नाही यावरून कळावं लागत असेल तर त्या माणसाला नक्की काय काम दिलं होतं?

मायक्रोसॉफ्टचा २०२२ चा एक मोठा सर्व्हे आहे, ११ देशांतल्या २०,००० लोकांचा. त्यात ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही व्यवस्थित काम करतोय, आणि ८५ टक्के बॉस लोक म्हणाले हायब्रिड (थोडं ऑफिसातून, थोडं घरून) झाल्यापासून लोक खरंच काम करतायत याची खात्री वाटणं अवघड झालंय. म्हणजे दुखणं कुणाचं आणि औषध कुणाला! अस्वस्थ मॅनेजर आहे आणि दिवसभर ताठ मानेनं स्क्रीनसमोर बसायचं टीमनं.

हे बसणं फुकट नसतं, हेच वरच्या लोकांच्या लक्षात येत नाही कारण त्यांच्याकडे दार लावून बसायला वेगळी खोली असते. माझ्या टीममधल्या एका मुलीचं घर दोन खोल्यांचं. लॅपटॉपची बॅटरी गेलेली, त्यामुळे चार्जर पोचेल अशी एकच जागा, स्वयंपाकघराच्या दाराशी. क्लायंटनं व्हिडिओ ऑन ठेवायला लावला की तिची आई आत अडकते. बाहेर आजोबांना चहा द्यायचा तर फ्रेममधून जावं लागणार, म्हणून कप हातात धरून दाराआड उभी. मिक्सर बंद, कुकरची शिट्टी होईल म्हणून गॅस बंद. तासाभराच्या कॉलमध्ये ही पोरगी जेमतेम दोन वाक्यं बोलते, बाकी वेळ म्यूट, पण तेवढ्यासाठी अख्ख्या घराला स्टॅच्यू. आणि डोकं कुठे असतं तिचं? कोडमध्ये नाही, मागून कोण गेलं यात.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक ॲलिसन गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नीट प्रयोगच केलाय. १०३ कर्मचारी, चार आठवडे, दोन आठवडे कॅमेरा ऑन आणि दोन आठवडे ऑफ. निघालं असं की माणसाला दमवतो तो कॅमेरा, आणि दमलेला माणूस मीटिंगमध्ये बोलतही कमी. ज्या एंगेजमेंटसाठी कॅमेरा लावायचा तीच कमी होते! त्यातही हा ताण बायकांना आणि नव्यानं जॉइन झालेल्यांना जास्त. नव्या पोरांना तर 'सगळं जमतंय' असा चेहरा करून बसावं लागतं, ते वेगळंच.

मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही हं, लगेच तुटून पडू नका. इंटरव्ह्यूला कॅमेरा पाहिजेच, आपल्याकडे प्रॉक्सी इंटरव्ह्यूचा, म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्यानं मुलाखत देण्याचा, धंदा कसा चालतो हे आयटीतल्या कुणालाही विचारा. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी सगळे चेहरा दाखवतो. कुणाला अप्रेझलमध्ये वाईट बातमी द्यायची असेल तर मी माझा कॅमेरा ऑन करतो, समोरच्यानं करायचा की नाही ते तो ठरवेल. पण रोजच्या पंधरा मिनिटांच्या स्टँडअपला, म्हणजे कामाच्या छोट्या आढावा मीटिंगला, कशाला? आमच्याकडे तो स्टँडअप पण चॅटवर असतो, काल काय झालं, आज काय, कुठे अडकलंय, सकाळी अकराच्या आत लिहायचं. शुक्रवारी स्क्रीन शेअर करून चालतं काम दाखवायचं. पीपीटी नाही, चालतं काम. ज्यानं काही केलेलं नाही तो दुसऱ्या शुक्रवारपर्यंत उघडा पडतो, त्यासाठी त्याचा चेहरा बघावा लागत नाही. यात मॅनेजरला कष्ट जास्त आहेत हे मान्य, कारण काम नीट तोडून द्यावं लागतं, दिलेलं समजावं लागतं, कोड उघडून बघावा लागतो. 'प्लीज टर्न ऑन युअर कॅमेरा' म्हणायला काही लागत नाही.

मूनलायटिंगचं, म्हणजे गुपचूप दुसरी नोकरी करण्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. विप्रोनं २०२२ मध्ये ३०० जणांना काढलं, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करत होते म्हणून. बरोबर केलं. पण कॉलवर चेहरा दाखवल्यानं दुसरी नोकरी दिसते का? असले प्रकार बाहेर येतात ते पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या नंबरवर, दोन कंपन्यांची वर्गणी दिसली की, किंवा बॅकग्राउंड चेकमध्ये.

कायद्याचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये हे कोर्टात गेलंय. चेटू नावाच्या फ्लोरिडाच्या कंपनीनं तिथल्या एका कर्मचाऱ्याला दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला सांगितलं. तो म्हणाला स्क्रीन शेअर करतोच आहे की, कॅमेरा ठेवणार नाही. नोकरी गेली. २०२२ मध्ये कोर्टानं ती हकालपट्टी बेकायदा ठरवली, खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग म्हटलं आणि कंपनीला सगळे मिळून सुमारे ७५,००० युरो मोजावे लागले. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली खरी, पण तो निकाल मुख्यतः सरकारविरुद्ध कामी येतो, आणि २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात 'नोकरीच्या कारणासाठी' संमतीशिवाय डेटा वापरायची मोकळीक मालकाला दिलीये. म्हणजे डच माणसासारखा कोर्टातून चेक मिळेल या आशेवर कुणी राजीनामा फेकू नका.

विचारता मात्र येतं. माझ्या मावसबहिणीला असाच मेल आला, तिला मी म्हटलं भांडू नकोस, सरळ एचआरला लेखी विचार की रेकॉर्डिंग होतं का, होत असेल तर ते कोण बघतं, आणि किती दिवस ठेवतात. तिनं सीसीमध्ये मॅनेजरला घालून पाठवलाय मेल. अजून उत्तर नाही, पण या आठवड्यात तिच्या टीमचे दोन कॉल ऑडिओवर झाले म्हणे. उत्तर आलं की खाली कमेंटमध्ये टाकतो.