मास्क काढला, लावला, परत काढला. म्हणून सगळं नाटक?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून उगवतो. या वेळी तो मामांनी टाकलाय, शेवटच्या 'दहा जणांना पाठवा'सकट. थोडक्यात असा:

"फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड जुलै 2020 मध्येच उघडलं. लस नव्हती, तरी काही झालं नाही. जून 2021 मध्ये लसवाल्यांना मास्क काढायला सांगितला, दीड महिन्यात परत लावायला लावला. कंपनीने कुणाकडे सर्टिफिकेट मागितलं नाही, कारण तिचाच लसीवर विश्वास नव्हता. 2022 मध्ये सगळं गुपचूप गुंडाळलं. लस, मास्क, निर्बंध, सगळं नाटक."

डिस्ने वर्ल्ड हे थीम पार्क ऑर्लँडो शहराजवळ आहे आणि मी तिथून दीड तासावर राहतो, त्यामुळे असा मेसेज आला की ग्रुपवर सगळे माझ्याकडे बघतात. तारखा बऱ्याचशा बरोबर आहेत, हे आधीच कबूल करतो. दोन तारखांच्या मध्ये काय घडलं, तेवढं मात्र मेसेज लिहिणाऱ्याने गाळलंय.

आधी "उघडलं आणि काही झालं नाही" हे घेऊ. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम 11 जुलै 2020 ला उघडली, 15 ला एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज. पण उघडलं म्हणजे काय उघडलं? सुरुवातीला क्षमतेच्या साधारण 25 टक्के लोक आत. आधी नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही. मिरवणुका बंद, रात्रीची आतषबाजी बंद, मिकीला मिठी नाही, त्याने लांबूनच हात हलवायचा. 2 वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क, तोही उघड्यावरसुद्धा. लोक पॉपकॉर्नचा डबा हातात धरून दिवसभर बिनमास्क हिंडायला लागले, तेव्हा आठवड्याभरात नियम आला: खायचं तर एका जागी थांबून, इतरांपासून अंतर ठेवून. राइडवर मास्क उतरवला तर तुमचा फोटो मिळायचाच नाही. डिसेंबरात तर त्यांनी काही फोटोंमध्ये उघड्या तोंडांवर कॉम्प्युटरने मास्क चढवून पाहिले, बोभाटा झाल्यावर ते थांबवलं. (ते खरंच नाटक होतं, मामा. तेवढं तुमचं.)

हे सगळं पाळून मोठा उद्रेक सापडला नाही, तर त्यातून 'पाळायची गरज नव्हती' हे कसं निघतं? गोळ्या आणि पथ्याने साखर उतरली की "मला मधुमेह नव्हताच" म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. आपल्या घरात कोण, ते नाव घेत नाही.

शिवाय 'सापडला नाही' आणि 'झाला नाही' यांत फरक आहे. माणूस चार दिवस फिरतो, विमानाने घरी जातो, पाचव्या दिवशी खोकायला लागतो. तो डिस्नेत आजारी पडला की विमानतळावर, हे कोण सांगणार? माग काढता येतो तो वेगळ्या आजारात, आणि तोही डिस्नेत घडलेला आहे. डिसेंबर 2014 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला. 28 डिसेंबर ते 8 फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेत 125 रुग्ण सापडले, त्यांतले 110 कॅलिफोर्नियाचे. त्या 110 पैकी 49 जणांनी लस घेतलेली नव्हती आणि 47 जणांच्या लसीची नोंदच हाती नव्हती. गोवराचं पुरळ ओळखू येतं आणि विषाणूचा प्रकार प्रयोगशाळेत जुळवता येतो, म्हणून धागा लागला. जून 2015 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: आईवडिलांच्या वैयक्तिक मतासाठी शाळकरी मुलांच्या लसीला सूट बंद. थीम पार्क आणि लस हे भांडण कोरोनाने आणलेलं नाही.

आता मेसेजचा लाडका मुद्दा, लसवाल्यांना परत मास्क. 13 मे 2021 ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, दोन्ही डोस झालेल्यांना मास्कची गरज नाही असं सांगितलं. डिस्ने वर्ल्डने दोन दिवसांत उघड्यावरचा मास्क ऐच्छिक केला, 15 जूनला लसवाल्यांसाठी इमारतींमधलाही. 30 जुलैला आतला मास्क परत सगळ्यांना आला. मधल्या दिवसांत कोरोनाचा डेल्टा प्रकार आला होता, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन गावात जुलैच्या गर्दीनंतर 469 रुग्ण मोजले गेले होते. त्यांतल्या सुमारे 74 टक्क्यांचे डोस पूर्ण होते. फॉरवर्डवाले हा आकडा नाचवतात. त्याच अहवालातला पुढचा आकडा नाही सांगत: रुग्णालयात दाखल 5, मृत्यू शून्य. जिथे बहुतेक जण लस घेतलेले असतात, तिथल्या रुग्णांतही तेच जास्त दिसणार. लसीने संसर्ग पूर्ण अडला नाही, माणूस अत्यवस्थ होणं अडलं. आधी आशा त्याहून मोठी होती आणि मे महिन्यातली घोषणा घाईची होती, हेही खरं. पण 'अंदाज चुकला' आणि 'लस फोल' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आणि एक गोष्ट, जी पार्कच्या बाबतीत मला सगळ्यात मोठी वाटते. जुलै 2021 मध्ये अमेरिकेत 12 वर्षांखालच्या एकाही मुलाला सर्वसाधारणपणे लस मिळत नव्हती. 5 ते 11 वयोगटाला ती नोव्हेंबर 2021 मध्ये आली, त्याहून लहानांना थेट जून 2022 मध्ये. डिस्नेच्या रांगेत कोण असतं? बाबागाडीतली, कडेवरची, फुगा हवा म्हणून रडणारी. लस घेतलेला बाप मास्क लावत होता तो निव्वळ स्वतःसाठी नव्हे.

त्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडाच्या रुग्णालयांत कोरोनाचे 17 हजारांच्या आसपास रुग्ण होते. 20 ऑगस्टला ऑर्लँडोच्या महापौरांनी लोकांना सांगितलं, हिरवळीला पाणी घालू नका, गाड्या धुऊ नका. कारण ऐकून मी दोनदा बातमी वाचली. तिथे पिण्याचं पाणी शुद्ध करायला द्रवरूप ऑक्सिजन वापरतात, आणि तो रुग्णालयांकडे वळवावा लागत होता. एप्रिलमधली नाशिकची ऑक्सिजन गळती ज्यांना आठवते, त्यांना यावर जास्त काही सांगायला नको. "काही झालं नाही" ते याच शहरात.

सर्टिफिकेटचा मुद्दा तर सोपा आहे. फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी मे 2021 मध्ये सही केलेल्या कायद्याने दुकानदाराला, हॉटेलला, पार्कला गिऱ्हाइकाकडे लसीचा पुरावा मागायलाच बंदी केली. दंड प्रत्येक वेळी 5 हजार डॉलरपर्यंत. त्यामुळे सगळा मामला भरवशाचा: तुम्ही म्हणाल ते खरं. तोच मिकी पॅरिसमध्ये बघा. 21 जुलै 2021 पासून डिस्नेलँड पॅरिसच्या दारात मोठ्यांना लसीचा, निगेटिव्ह चाचणीचा किंवा बरं झाल्याचा दाखला दाखवावा लागत होता, कारण फ्रान्सचा कायदा तसा होता. कंपनी एकच, कायदे दोन. विश्वास बघायचाच असेल तर तिने स्वतःच्या माणसांना काय सांगितलं ते बघा: जुलैअखेर अमेरिकेतल्या पगारी आणि युनियनबाहेरच्या कर्मचाऱ्यांना 60 दिवसांत लस घ्या असा हुकूम. फ्लोरिडाने नोव्हेंबरात त्याविरुद्ध नवा कायदा केल्यावर तिथे तो स्थगित झाला.

मास्कचं काय? बांगलादेशात सुमारे 600 गावांत, 3 लाख 40 हजार प्रौढांवर प्रयोग झाला. मास्क वापरणारे 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेले, म्हणजे निम्म्याहून कमीच. तरी सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत रक्तचाचणीने सिद्ध झालेले, लक्षणं असलेले रुग्ण 11 टक्क्यांनी कमी निघाले, साठीपुढच्यांत 35 टक्क्यांनी. चमत्कार नाही, पण शून्यही नाही.

आईबाबा डिसेंबर 2021 मध्ये आले होते. बाबांची लस कोव्हॅक्सिन. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबरला आली, लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांना अमेरिकेचं दार 8 नोव्हेंबरला उघडलं, तोवर तिकीट अडलेलं. पार्कात रांग उन्हातून वळत वळत सावलीत यायची, तोवर कुणाच्याच तोंडाला काही नाही. इमारतीचा उंबरा आला की पुढचे चारपाच जण एकदम खिशात हात घालायचे, मागचे त्यांचं बघून. आई म्हणाली, "देवळात शिरताना चपला काढतात तसं." उघड्यावरचा मास्क फारसा कामाचा नव्हता आणि बंद खोलीतला होता, हे त्या उंबऱ्यावर बरोबर कळायचं. तापमान मोजणं आणि कठडे पुसत बसणं यांचा मात्र मीही बचाव करणार नाही. लक्षणं नसलेला माणूस त्या तापमापीतून आरामात निघून जायचा.

राहिलं "गुपचूप". 17 फेब्रुवारी 2022 ला ओमायक्रॉनची लाट ओसरताना लसवाल्यांचा मास्क उठला, तो आधी जाहीर करून. एप्रिलमध्ये बस आणि मोनोरेलमधलाही गेला, कारण 18 तारखेला फ्लोरिडातल्याच न्यायाधीशांनी प्रवासातली सक्ती रद्द केली, आणि ते जगभर छापून आलं. आपल्याकडे तर 2 एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याला, राज्य सरकारने निर्बंध उठवले. मामा, त्या दिवशी तुम्हीच ग्रुपवर गुढीचा फोटो टाकला होता, खाली लिहून: "सुटलो एकदाचे!"