खुलासा: लुका डॉन्चिचने स्वतःहून डॅलस सोडलं नव्हतं

‘जास्त पैशांसाठी लुका डॉन्चिच मॅव्हरिक्स सोडून लेकर्सकडे पळाला’ असा मेसेज या बास्केटबॉलपटूबद्दल फिरतोय. (मॅव्हरिक्स हा डॅलसचा संघ, लेकर्स लॉस एंजेलिसचा; दोन्ही अमेरिकेच्या एनबीए लीगमधले.) तो चुकीचा आहे.

फेब्रुवारी २०२५च्या सुरुवातीला लुकाला लेकर्सकडे पाठवण्याचा सौदा संघांनी आपसात केला. डॅलसला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी हे खेळाडू आणि २०२९चा पहिल्या फेरीतला ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) मिळाला. लुकाने बदली मागितलीच नव्हती, आणि एनबीएमध्ये बहुतेक खेळाडूंची त्यासाठी संमतीही लागत नाही. डॅलसचे तेव्हाचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी या निर्णयाचं उघडपणे समर्थन केलं. बचाव भक्कम करायचा होता, हे त्यांचं कारण. (पटलं फार थोड्यांना.)

पैशांचं तर उलटंच झालं. डॅलसमध्ये राहता, तर पाच वर्षांच्या सुमारे ३४.५ कोटी डॉलरच्या कराराला तो पात्र ठरला असता. बदलीने ती पात्रताच गेली. तरी त्याने तिथल्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन चाहत्यांचे आभार मानले. ९ एप्रिलला लेकर्सच्या जर्सीत डॅलसला आला, तेव्हा सामन्याआधी रडला आणि मग ४५ गुण ठोकले.

स्वतःहून बदली मागणारे आहेतच; केव्हिन ड्युरांटने २०२२मध्ये आपल्या तेव्हाच्या ब्रुकलिन संघाकडे मागितली होती. लुकाला त्या यादीत घालू नका. तो मेसेज पुढे पाठवणं कृपया थांबवा, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.