सोळा रात्रींचा हिशेब आणि वाया गेलेले आठ महिने

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, “मावशी, हे खरे आहे का?” ‘उत्तम संततीसाठी बीजशुद्धीचे बारा नियम’ असे त्याचे शीर्षक आहे. तो तिला तिच्या सासूबाईंनी पाठवला होता आणि सासूबाईंना त्यांच्या भिशीच्या मंडळातून आला होता. माझ्याकडेही तो दोन वर्षांत तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा मी तो अर्धवट वाचून पुसून टाकला, कारण असल्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार, असे मला वाटत होते. भाचीने आणि तिच्या नवऱ्याने तो आठ महिने निष्ठेने पाळला, हे मला आता कळले. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला हे ऐकून जो संताप येईल तो मला आला आहे. भाचीच्या परवानगीने हे लिहीत आहे.

संदेशाचा सार असा. पाळीच्या चौथ्या दिवसापासून सोळाव्या रात्रीपर्यंतच बीज रुजते आणि त्यातली चौदावी रात्र सर्वोत्तम. सम रात्री संबंध आल्यास मुलगा होतो, विषम रात्री आल्यास मुलगी. त्यापूर्वी दहा दिवस ब्रह्मचर्य पाळून बीज, म्हणजे वीर्य, ‘साठवावे’. संबंधानंतर स्त्रीने अर्धा तास पाय भिंतीला लावून पडावे. फॉलिक अ‍ॅसिडसारख्या ‘केमिकलच्या गोळ्या’ उष्ण पडतात म्हणून बंद कराव्यात. दोघांनी तीन महिने आधीपासून शुद्ध आहार घ्यावा. उरलेले नियम खाण्यापिण्याचे आणि स्त्रीने मनात काय आणावे, काय आणू नये याचे आहेत. चौथ्या रात्रीपासून सम रात्री पाळायच्या आणि चौदाव्या रात्रीआधी दहा दिवस ब्रह्मचर्यही पाळायचे, हे दोन्ही एकाच जोडप्याला कसे जमावे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

चौदाव्या दिवसापासून सुरुवात करते, कारण ही समजूत केवळ भिशीत नाही, चांगल्या शिकलेल्या घरांतही आहे. स्त्रीबीज पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी बाहेर पडते, असे आपण शाळेत शिकवतो. मीही शिकवले आहे. ते २८ दिवसांच्या चक्रापुरतेच खरे असते. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांत साधारण दोन आठवड्यांचा असतो, आणि जो कमीजास्त होतो तो त्याआधीचा. म्हणून मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. माझ्या भाचीचे चक्र ३५ दिवसांचे आहे. तिचे बीज साधारण २१व्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडत असणार.

आता ज्या अभ्यासावर मी सर्वाधिक भिस्त ठेवते तो सांगते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये मूल होऊ द्यायचे ठरवलेल्या २२१ निरोगी स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवली आणि शरीरसंबंधांची रोजची नोंद ठेवली. लघवीतील संप्रेरकांवरून बीज कोणत्या दिवशी बाहेर पडले याचा अंदाज बांधण्यात आला. अ‍ॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२५ चक्रांचा हा हिशेब डिसेंबर १९९५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतील संबंधांतूनच गर्भ राहिला; त्याबाहेरच्या संबंधांतून एकही नाही. पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता सुमारे १० टक्के होती आणि बीज बाहेर पडण्याच्या दिवशी ती ३३ टक्क्यांपर्यंत गेली. याचे कारणही सरळ आहे. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस टिकते, म्हणून शुक्राणूंनी आधीच जाऊन थांबलेले असावे लागते.

हा हिशेब भाचीला लावून पाहा. तिचे फलदायी दिवस साधारण १६ ते २१. संदेशातील ‘सर्वोत्तम’ चौदावी रात्र त्यांच्या बाहेर पडते. चार, सहा, आठ, दहा, बारा या सम रात्रीही बाहेर. सोळावी तेवढी काठावर सापडते, तीही सर्वांत कमी शक्यतेची, आणि तिच्यानंतर संदेशाच्या मते बीज रुजतच नाही, म्हणून दोघांनी प्रयत्न थांबवायचे. नेमके जे पाच दिवस हाती होते तेच दर महिन्याला सोडून दिले गेले. मूल हवे म्हणून पाळलेल्या नियमांनी पाळणा लांबवण्याचेच काम केले. आणि या आठ महिन्यांत प्रत्येक सणाला ‘गोड बातमी कधी’ हे विचारले गेले ते तिलाच.

सम-विषम रात्रींवर मात्र जरा थांबावेच लागेल, कारण सारा संदेश त्या एका मुद्द्यासाठी लिहिलेला आहे आणि बाकीचे अकरा नियम त्याच्याभोवतीची आरास आहेत. रात्र मोजायची कुठून? पाळीचा पहिला डाग दिसला तिथून, की अंगावरून नीट जायला लागले तिथून? रात्री अकरा वाजता पाळी आली तर तो दिवस पहिला धरायचा, की दुसऱ्या दिवशीचा? एका दिवसाची चूक झाली की सगळ्या सम रात्री विषम होतात. त्याहून मोठी अडचण अशी की, ज्या रात्री संबंध आला त्याच रात्री गर्भ राहतो असे नाही. सोळाव्या रात्रीचा शुक्राणू एकोणिसाव्या दिवशी बीजाला भेटू शकतो. मग तो समाचा धरायचा की विषमाचा? सोळाव्या आणि सतराव्या अशा दोन्ही रात्री संबंध आला असेल तर त्या बिचाऱ्या शुक्राणूने कोणत्या रांगेत उभे राहायचे? मुलगा की मुलगी हे शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरते, आणि शुक्राणू तयार होताना ती वाटणी आधीच झालेली असते. कॅलेंडर त्यात काही करू शकत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात हेही तपासले गेले होते. ज्या चक्रांतून मुलगे झाले आणि ज्यांतून मुली झाल्या, त्यांतील संबंधांच्या वेळांत फरक आढळला नाही.

तरी लोक सांगतात, “आमच्याकडे खरे ठरले.” ठरणारच. दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात; तेव्हा मुलगा होईल असे कोणीही, कोणत्याही रात्रीच्या आधाराने सांगितले तरी निम्म्याहून थोड्या अधिक वेळा ते बरोबर येते. बरोबर आलेल्यांचे पेढे गल्लीभर वाटले जातात आणि चुकलेल्यांच्या बाबतीत ‘तिने दिवस नीट मोजले नाहीत’ असे म्हटले जाते. म्हणजे नियम कधी खोटा पडतच नाही, खोटी पडते ती सून.

“हे आपल्या ग्रंथांत आहे,” असे संदेशात ठासून सांगितले आहे. आहे, हे मी नाकारत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आणि मनुस्मृतीतही पुत्रासाठी सम आणि कन्येसाठी विषम रात्री सांगितल्या आहेत. नाइलाजाने आणखी एक गोष्ट मान्य करते. पहिल्या चार रात्री वगळून सोळाव्या रात्रीपर्यंतचा ऋतुकाळ ही मनुस्मृतीतील कल्पना २८ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीचे फलदायी दिवस बऱ्यापैकी कवेत घेते. संप्रेरके मोजण्याची साधने नसताना केवळ निरीक्षणातून एवढे हाती लागले असेल, तर त्याबद्दल आदरच वाटतो. पण जुन्या निरीक्षकांचा एक अंदाज जवळपास जुळला म्हणून दुसराही खरा होत नाही.

शिवाय हा प्रकार निरुपद्रवी नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८मध्ये देशात पहिल्यांदा कायदा करणारे राज्य आपलेच. पुढे देशभर लागू झालेल्या १९९४च्या कायद्यात २००३च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. त्याच्या २२व्या कलमाने लिंगनिवडीच्या जाहिरातीला बंदी आहे, मग साधन शास्त्रीय असो वा अन्य कोणतेही, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची व दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे. सम-विषम तारखांच्या अशाच एका विधानावरून २०२०मध्ये एका कीर्तनकारांवर खटला दाखल झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. हा संदेश त्याच महाराष्ट्रात फिरतो आहे.

फॉलिक अ‍ॅसिडचा नियम वाचून मात्र मला राग कमी आणि भीती जास्त वाटली. भाचीने ती गोळी चार महिन्यांपूर्वी बंद केली होती. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेकींना दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. गोळी तेव्हा सुरू करून उपयोग नसतो, ती आधीपासून रक्तात असावी लागते. म्हणूनच गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटल्याचा दोष असेल तर मात्रा बरीच मोठी असते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, १९९१ साली, आधी असे बाळ झालेल्या मातांमध्ये फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली. ज्याला संदेश ‘केमिकल’ म्हणतो तेच जीवनसत्त्व पालकातही असते. पालक उष्ण पडतो का, हे एकदा त्या मंडळाने ठरवून टाकावे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात उरकते. पाय भिंतीला लावण्याने काही साधत नाही. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरतात आणि नंतर बाहेर येणारा द्रव पाहून घाबरण्याचे कारण नसते. दहा दिवस साठवल्याने संख्या वाढते, पण जुने शुक्राणू मंदावतात. फलदायी दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरेसा आहे. तीन महिन्यांची तयारी मात्र खरी आहे, कारण वेगळे असले तरी: शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून नवऱ्याने तंबाखू, गुटखा आणि सिगारेट आज सोडली तर फायदा तेवढ्या काळाने दिसतो. व्यायामशाळेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांचे शुक्राणू जवळजवळ नाहीसे होऊ शकतात, हे संदेशात असते तर मी तो स्वतः चार जणांना पाठवला असता. रुबेलाची लस, थायरॉइड, रक्तातील साखर, थॅलेसेमियाची आणि विदर्भ किंवा नंदुरबारकडच्या कुटुंबांत सिकलसेलची (हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार) तपासणी, ही खरी पूर्वतयारी. तिचा बारा नियमांत उल्लेखही नाही.

भाचीला मी फोनवर सांगितले की, गोळी आजच सुरू कर आणि तारखांऐवजी स्वतःचे शरीर पाहा: योनीतला स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पातळ आणि ताणला जाणारा झाला की ते दिवस आले असे समज, आणि शंका वाटली तर औषधाच्या दुकानात ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज बाहेर पडण्याचा अंदाज देणाऱ्या, पट्ट्या मिळतात. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि त्यानंतर सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण पाळी अनियमित असेल तर थांबायचे कारण नाही. तिचे वय ३१ आहे, चक्र लांबचे आहे आणि आठ महिने भलत्याच रात्रींत गेले आहेत, म्हणून पुढच्या महिन्यात दोघांनी एकत्र जावे असे ठरले. वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, तेव्हा ती आधी व्हावी, असे मी म्हटले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “मावशी, हे तूच सांगशील का त्याला? आणि आधी सासूबाईंना.”