वेब मानकांचा आकार आणि नव्या इंजिनाची वाट

पहिल्या ओळीपासून सुरुवात करून ब्राउझरचे रेंडरिंग इंजिन, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा भाग, लिहिणे आता कोणालाही शक्य नाही, असे विधान गेली काही वर्षे वारंवार पुढे पाठवले जात आहे. त्याच्या समर्थनार्थ साधारण चार कारणे दिली जातात: वेबची मानके वाचूनही संपणार नाहीत इतकी वाढली आहेत, मायक्रोसॉफ्ट आणि ऑपेरा यांनीही आपापली इंजिने सोडून दिली, नव्या इंजिनात सुरक्षितता राखता येणार नाही, आणि गूगल क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमचा स्रोत सर्वांना खुला असताना हा खटाटोप करायचाच कशाला? या प्रत्येक कारणात थोडेफार तथ्य आहे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो शिकत असलेल्या प्रोग्रामरांना प्रयत्नाआधीच माघारी फिरवतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

मानकांच्या आकाराचा मुद्दा सर्वांत प्रभावी वाटतो, पण त्यात शब्द मोजले जातात आणि ते शब्द काय सांगतात हे पाहिले जात नाही. जुन्या एचटीएमएल मानकांत बरोबर लिहिलेल्या पानाचे वर्णन होते; चुकीच्या पानाचे काय करायचे याबद्दल ती जवळजवळ गप्प होती. ठळक अक्षरांचा टॅग उघडला, त्याच्या आत तिरप्या अक्षरांचा उघडला आणि आधी ठळक अक्षरांचाच बंद केला, तर पानाचे झाड, म्हणजे घटकांची एकात एक अशी रचना, कसे बांधायचे? प्रत्यक्षातील असंख्य पाने अशीच लिहिलेली असल्यामुळे नवे इंजिन लिहिणाऱ्याला प्रस्थापित ब्राउझर काय करतात ते तासन्‌तास न्याहाळून अंदाज बांधावे लागत. २००४ मध्ये स्थापन झालेल्या व्हॉटडब्ल्यूजी या ब्राउझर-निर्मात्यांच्या गटाने हे अंदाज संपवले. त्यांच्या एचटीएमएल मानकात टोकनायझरच्या, म्हणजे मजकुराचे टॅग आणि अक्षरे असे तुकडे पाडणाऱ्या भागाच्या, ८० अवस्था दिल्या आहेत आणि कोणत्या अवस्थेत कोणते अक्षर आले म्हणजे काय करायचे ते प्रत्येक ठिकाणी लिहिले आहे, त्यामुळे एकमेकांना न भेटलेले दोन संघही त्याच मोडक्या पानापासून तेच झाड बांधू शकतात. जुन्या पानांसाठी ठेवलेल्या क्वर्क्स मोडचेही आता लेखी मानक आहे. ही सारी पाने मानकांचा आकार वाढवतात आणि नवख्याचे काम कमी करतात.

याची उलट बाजू पाहायची असेल तर तक्ते पाहावेत. २०११ मध्ये अंतिम शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या सीएसएस २.१ या पानाच्या मांडणीच्या मानकामध्ये तक्त्याच्या स्तंभांची रुंदी आपोआप ठरवण्याची एक पद्धत सुचवली आहे, पण ती पाळणे बंधनकारक नाही असेही तेथेच म्हटले आहे. मजकूर आटोपशीर आहे, आणि तरीही तक्त्यांची मांडणी इतर ब्राउझरांशी जुळवताना फार त्रास होतो, कारण जे लिहिलेले नाही ते प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले. माझ्या मते संपूर्ण वाद येथेच निकाली निघतो: त्रुटक मानक दिसायला सोपे असते, पण अंमलात आणायला सविस्तर मानकापेक्षा कठीण असते.

मानकांच्या जोडीला चाचण्या आहेत. २००८ मधील ॲसिड३ या गाजलेल्या कसोटीत १०० उपचाचण्या होत्या. आजच्या वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या सामायिक संचात त्यांची संख्या २० लाखांच्या घरात आहे आणि तो कोणालाही चालवून पाहता येतो. आंद्रेआस क्लिंग यांच्या सेरेनिटीओएस या छंदाच्या प्रकल्पात जन्मलेल्या आणि २०२४ मध्ये स्वतंत्र झालेल्या लेडीबर्ड या नव्या इंजिनाच्या ब्राउझरने मूठभर पगारी अभियंते आणि अनेक स्वयंसेवक यांच्या बळावर २०२५ मध्ये या संचातील ९० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. या आकड्याचा अर्थ ९० टक्के संकेतस्थळे नीट चालतात असा नाही. उपचाचण्यांचा मोठा वाटा जुन्या अक्षर-संकेतनांसारख्या कोपऱ्यातल्या विषयांचा आहे. परंतु जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते इतके पुढे गेलेले असणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुसऱ्या कारणाबाबत घटना खऱ्या आहेत. ऑपेराने २०१३ मध्ये प्रेस्टो सोडण्याचे जाहीर केले आणि मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या डिसेंबरमध्ये एजएचटीएमएल. पण ही दोन्ही इंजिने त्या वेळी चालू स्थितीत होती आणि लोक ती रोज वापरत होते. ती सांभाळत राहणे व्यवसायाच्या दृष्टीने परवडत नाही, असा तो निर्णय होता. ती लिहिता येत नाहीत असे त्यातून सिद्ध होत नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सर्वो या प्रायोगिक इंजिनाचे उदाहरणही अर्धेच सांगितले जाते. मोझिलाने २०२० मध्ये त्या संघाला निरोप दिला हे खरे, पण त्याआधी २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये सर्वोतील शैली-गणनेचा भाग समाविष्ट झाला होता, आणि २०२३ पासून इगालिया या कंपनीच्या अभियंत्यांनी सर्वोचे काम पुन्हा नेटाने सुरू केले आहे. शिवाय ॲपलने २००३ मध्ये जाहीर केलेल्या सफारीसाठी जे केएचटीएमएल हे इंजिन निवडले, ते केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी उभे केले होते आणि तेव्हा १,४०,००० ओळींहूनही लहान होते.

सुरक्षिततेच्या मुद्द्याला मी सर्वाधिक वजन देतो. अनोळखी स्रोताकडून आलेला कोड चालवणारा प्रोग्राम सुरक्षित करायला वर्षे लागतात, आणि कोवळे इंजिन बँकेच्या व्यवहारांसाठी वापरू नये, हे त्याच्या लेखकांनीच सांगायला हवे. मात्र क्रोमियमच्या संघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार त्यांच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या असुरक्षित हाताळणीतून आले होते. कोट्यवधी ओळींचा जुना सी++ कोड बदलणे अवघड असते. आज नव्याने सुरुवात करणारा असे मेमरीचे दोष टाळणारी रस्टसारखी भाषा पहिल्या दिवसापासून निवडू शकतो. या एका बाबतीत उशिरा येणारा फायद्यात राहतो.

उरला प्रश्न गरजेचा. क्रोमियमची शाखा काढून वेगळा ब्राउझर बनवता येतो, पण पानाचा अर्थ लावणारे इंजिन तेच राहते. हे का पुरेसे नाही, ते वेब एसक्यूएलच्या इतिहासात दिसते. ब्राउझरमध्ये विदासंच ठेवण्याच्या या प्रस्तावावरील काम डब्ल्यू३सी या वेब मानक-संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवले, आणि दिलेले कारण असे होते की तो अंमलात आणू इच्छिणाऱ्या सर्वांनी आतून एसक्यूलाइट हे एकच विदासंच-सॉफ्टवेअर वापरले होते, तर मानक होण्यासाठी एकाहून अधिक स्वतंत्र अंमलबजावण्या आवश्यक होत्या. मानकाच्या मसुद्यात काय लिहिले आहे आणि एसक्यूलाइट काय करते यांतला फरक तपासायला दुसरे कोणी नव्हते. रेंडरिंग इंजिनांच्या बाबतीत आपण त्याच दिशेने बरेच पुढे आलो आहोत. क्रोमियमचे इंजिन ब्लिंक २०१३ मध्ये सफारीच्या वेबकिटपासून वेगळे झाले आणि वेबकिट केएचटीएमएलपासून, म्हणजे तीन मोठ्या इंजिनांपैकी दोघांचे मूळ एकच आहे. तिसरे, म्हणजे फायरफॉक्सचे गेको, वगळल्यास मानकांचा अर्थ मुळापासून वेगळ्या हातांनी लावणारे इंजिन सर्वसामान्यांच्या वापरात आज नाही, आणि क्रोमियमच्या कितीही शाखा काढल्या तरी ही परिस्थिती बदलणार नाही.